चालण्याचं वजन

एल्गोइबारला, देबा नदीच्या अगदी काठाला,
आमच्या शाळेच्या तळमजल्यावर खरी लेथ आहेत,
आणि वर, चौदा पडद्यांमध्ये, एक कारखाना
जो सोमवारी सकाळी रिकामा असतो.
पोरं येतात, दप्तरं टाकतात,
बोटाने ओढून यंत्रं मांडतात
आणि शुक्रवारपर्यंत त्यातून पंप बाहेर पडू लागतात.

तिथे काही मोडलं तर लाल ठिपका लागतो.
पुन्हा सुरू करायचं, बस्स.
माझ्या उमेदवारीत एक ड्रिल मोडलं
तर आठवडाभर वस्तादाची पाठ दिसायची,
तोंड नाही.

त्या दिवशीचा सराव साधा होता:
पंपाचं आवरण, दोनशे चाळीस नग,
तीन यंत्रं, एक माणूस.
आधी पृष्ठभाग, मग भोकं, मग बोअर,
मग धारा घासणं आणि मापं.
क्रम चुकला की भोक तिरकं जातं,
हे त्यांना आता झोपेतही येतं.

नाहिकारीला चौऱ्याण्णव गुण पडले. वर्गात सगळ्यांत जास्त.
इबोनने शीळ घातली.
तिने मात्र, का कोण जाणे,
कोपऱ्यातलं ते बटण दाबलं
जे सहसा कुणी दाबत नाही: वाटा दाखवा.

पडद्यावर केशरी रेघ उमटली.
त्या एका माणसाची, यंत्र ते मांडणी, मांडणी ते यंत्र,
रेघेवर रेघ, रेघेवर रेघ,
मांजराने विस्कटलेला लोकरीचा गुंडा जसा.
खाली आकडा: अकरा किलोमीटर तीनशे मीटर.

"सर, हा रात्रपाळीला असतो का?"
"तो कुठल्याच पाळीला नसतो, चित्रातला आहे."
"मांडणीपाशी हा दर वेळी डावीकडे वळतो."
"हो. मग?"
"आईच्या डाव्या बुटाचा तळ आधी जातो."

गार्बिन्ये. ओळखतो मी तिला.
नदीपलीकडे, अशाच तीन यंत्रांवर.
सकाळी सहाला घरी येते,
निळ्या टोपात मीठ घालून पाय सोडते
आणि तशीच, बसल्या बसल्या, डोळा लागतो तिचा.
हे मला नाहिकारीने सांगितलं,
पडद्यावरून नजर न काढता,
मांडणी उचलून मधोमध आणताना.

मांडणी मध्ये आली तशी क्रेनची वाट लांबली.
दुसरं यंत्र फिरवलं, तर ते
नगामागे अकरा सेकंद रिकामं राहू लागलं.
रेघ मात्र सुटली, पातळ झाली:
चार किलोमीटर.
गुण: अठ्ठ्याऐंशी.
"आपला आराखडा आधीपेक्षा कमी कार्यक्षम आहे,"
यंत्र म्हणालं, नेहमीच्या सौजन्याने.
तिने तोच जमा केला.
पहिला नंबर इबोनचा, त्र्याण्णव.
त्यालाही ते फारसं गोड लागलं नसावं.

संध्याकाळी मी गुणांचा तक्ता उघडला.
वेळ चाळीस. यंत्राचा वापर चाळीस. वाया माल वीस.
चालणं: शून्य.

ते शून्य माझंच.
सहा वर्षांपूर्वी मीच भरलेलं.
दुष्टपणा नव्हता त्यात, शपथेवर सांगतो,
जेवायची घंटा झाली होती
आणि रकान्यात काहीतरी टाकावं लागत होतं.

आता काय लिहू? पाच? दहा?
आणि ते कापू कुणाच्या वाट्यातून?
खिडकीबाहेर बारीक भुरभुर, तिच्यात
पलीकडच्या पाळीचे दिवे लागलेले.
मी शून्य खोडलं
आणि बराच वेळ नुसताच बसलो.

शुक्रवारी तक्ता पोरांसमोर ठेवला.
जेवणापर्यंत भांडली.
कुणी म्हणालं वीस, कुणी म्हणालं मग धंदा कसा चालेल,
इबोन म्हणाला, आधी बूट मोजू या.
नाहिकारी तेव्हा खाली होती, खऱ्या लेथपाशी,
पावलं मोजत.

अजून ठरलेलं नाही.
रकाना रिकामा आहे,
आणि रिकामा असला की यंत्र गुणच देत नाही.
थांबतं.
पुन्हा पुन्हा विचारतं:
कृपया इथे आकडा भरा.